उरल्यालाही नाव हवं

माळरानावरच्या एका गावात घोंगड्या विणणारं एक घर होतं. म्हातारे भिवबा मागावर बसत, मुलगा खंडू लोकर आणी आणि सून गिरजा सूत काती. भिवबांचे हात आताशा कापत. तरी दिवस मावळेपर्यंत ते मागावरून उठत नसत, आणि रात्री भाकरी मोडताना कण्हत.

त्या वर्षी लोकर कमी आली. मेंढपाळांनी सांगून ठेवलेल्या घोंगड्या तर द्यायच्याच होत्या. वर होतील तितकी बसायची लोकरी आसनं विकायला जत्रेत न्यायची होती. खंडू म्हणे, लोकर एवढ्याहून जास्त नाही. मेंढपाळ म्हणत, घोंगड्या एवढ्यांहून कमी नकोत. कुणाचं ‘जास्त नाही’, कुणाचं ‘कमी नको’. गिरजाला मेळच लागेना. रोज बेत ठरे आणि रोज मोडे.

मग एका सकाळी ती अंगणात खडे घेऊन बसली. लोकरीचे पांढरे, मागाच्या वेळेचे काळे. आधी तिनं सगळ्यांचं बोलणं एकाच साच्यात बसवलं. लोकर म्हणजे घोंगड्यांत गेलेली, आसनांत गेलेली आणि उरलेली. वेळेचंही तसंच. घोंगड्या जादा झाल्या, तर जादाच्या बाजूला काढायच्या, म्हणजे मेंढपाळांच्या तेवढ्या नेमक्या राहतात. उरल्यासुरल्याला तिनं वेगळी जागा दिली. ती रिकामी राहिली तरी चालेल, पण हाताशी आहे त्याहून जास्त खर्चून उणी पडता कामा नये. आता हाताशी असलेलं आणि वाटून दिलेलं, दोन्ही बाजू बरोबर जुळू लागल्या.

खडे हलवता हलवता सर्वांत जास्त आसनांचा बेत सापडला. पांढऱ्यांतला एकही खडा उरला नव्हता. काळे मात्र ओंजळभर उरले होते. गिरजा त्यांच्याकडे बघत राहिली.

तिनं सासऱ्यांना दुपारनंतर मागावर बसू नका म्हणून सांगितलं. भिवबांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझे हात आता पुरत नाहीत."

"हात पुरून उरतात, आबा. लोकरच आधी संपते. सांजेपर्यंत बसलात तरी एक आसन वाढायचं नाही."

"मग उरल्या वेळेचं काय?"

"त्याचं नाव विसावा."

मेंढपाळांना घोंगड्या मिळाल्या, आसनं जत्रेत गेली. भिवबांच्या हातांचा कंप काही गेला नाही. पण रात्री भाकरी मोडताना ते आता कण्हत नसत.

तात्पर्य: अडचण सोडवण्याआधी ती एका साच्यात नीट मांडावी, आणि जे उरतं त्यालाही नाव द्यावं, म्हणजे कुठं झटायचं आणि कुठं थांबायचं, ते कळतं.