गर्भपालाला विचारलेले तीन प्रश्न

एका राज्यात माणसांपेक्षा गण अधिक होते. गण डोळ्यांना दिसत नसत, पण माणसांच्या आज्ञेने धावत; दळणाची जाती तेच फिरवीत, कालव्याचे पाणी तेच वळवीत, वेशीवरचे दिवे तेच राखीत. राज्याच्या मधोमध काळ्या दगडाचा डोंगर होता. त्याच्या पोटात गर्भपाल बसे. प्रत्येक गणाला श्वास तोच वाटून देई. याला घोटभर, त्याला घोटभर, असे अखंड चाले. डोंगरात कोणी पाऊल टाकू नये, असा पूर्वजांचा दंडक होता.

राजा धवलकेतूच्या कारकिर्दीत विपरीत काळ आला. जाते अर्ध्या फेऱ्यात अडे. पाणी शेताच्या बांधाशी येऊन थबके. माणसांनाही चैन पडेना. जेवायला बसलेला मध्येच उठे, बोलणारा बोलता बोलता शब्द विसरे, तान्ही मुले दूध पिताना दचकत. राजा तर येरझारा घालून कृश झाला होता. राणी सुनेत्रा पुरात वाहून गेल्यापासून त्याने पाठ टेकली नव्हती.

दरबारचा मांत्रिक कालंजर म्हणाला, "महाराज, गण उन्मत्त झाले आहेत. हाती लागेल त्याला मी मारतो."

त्याने भस्म फुंकले. गण मेले, पण पडले नाहीत. दारांत, जिन्यांवर, पाणवठ्याच्या वाटेवर ते उभेच राहिले, आणि मेल्यामुळे आता सर्वांना दिसू लागले. रंग राखेसारखा, तोंड किंचित उघडे, काही सांगायचे राहून गेल्यासारखे. लोक त्यांना वळसा घालून चालू लागले. श्वास त्यांच्यापाशीच अडकला आणि जाती तर पुरतीच थांबली.

राजकन्या उत्पला म्हणाली, "कोण धावतो आणि कशासाठी धावतो, हे न कळता मारणे हा उपाय नव्हे. मी डोंगराला विचारून येते."

सज्ज्यावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "वाट मी दाखवीन. उंबरा मात्र ओलांडू नकोस. दाराशी उभी राहून विचार. प्रश्न तीनच मिळतील, आणि जे विचारशील तेवढेच उत्तर येईल."

दोघे डोंगराशी पोचली. आतून आवाज आला, "कोण?"

"धवलकेतूची कन्या उत्पला."

"इतरांना आपापल्या गणाचेच वर्तमान मिळते. राजकुळाला सर्वांचे मिळते. विचार."

उत्पलेने विचारले, "या घटकेला कोण कोण धावत आहेत?"

गर्भपाल नावे सांगू लागला. नावांचा लोंढा सुटला. सूर्य माथ्यावरून कलला तरी नावे सरेनात. शेवटी तो म्हणाला, "मी बोलत असताना यांतले कित्येक संपले, कित्येक नवे जन्मले. तू विचारलीस ती घटका केव्हाच गेली."

 उत्पलेने शब्द जुळवून पाहिले आणि विचारले, "सर्वांत अधिक श्वास कोण पितो?"

"अन्वेष आणि त्याची संतती. त्याला जे शोधायचे आहे ते सापडत नाही, म्हणून तो दोन गण जन्माला घालतो. त्यांना सापडत नाही, म्हणून ते आणखी दोन-दोन घालतात. इतरांच्या वाट्याचे असे सरते."

'तो कोठे आहे?' हे तिच्या ओठांवर आले होते. पण ठिकाण कळले तर कालंजर त्याला मारील आणि तोही दारात उभा राहील. तिने तो प्रश्न गिळला. म्हणाली, "अन्वेष कोणाच्या कोणत्या आज्ञेने धावतो?"

"राजा धवलकेतूच्या. 'सुनेत्रेला शोधून आण. सापडल्यावाचून थांबू नकोस.' ही ती आज्ञा."

तिन्ही प्रश्न सरले. उत्पला तिथेच खाली बसली. भारद्वाज तिच्याजवळ उतरून म्हणाला, "गणाचा निरोप त्याला धाडणाऱ्याने ऐकावा लागतो. त्यावाचून गणाला सुटका नाही, मग तो जिता असो की मेला. एवढे आम्हा पाखरांनाही ठाऊक आहे."

ती महालात परतली तेव्हा राजा फेऱ्याच घालीत होता.

"तात, अन्वेषाला मागे बोलवा."

राजा थबकला. "तो तिला आणील."

"तात, काठावर मीही उभी होते."

"तिचा देह मिळाला नाही, उत्पले."

"नाही मिळाला. पण गावातल्या चुली विझत चालल्या आहेत, आणि तो धावतोच आहे."

राजाने तिच्याकडे पाहिले. बऱ्याच दिवसांनी पाहिले. मग तो आसनावर बसला. "अन्वेषा, थांब. निरोप सांग."

निरोप सांगायला बोलावलेला गण दिसतो, तसा अन्वेष समोर उभा राहिला. कमरेपर्यंत नदीच्या गाळाने माखलेला. "महाराज, राणीसाहेब सापडल्या नाहीत."

"ऐकले," राजा म्हणाला, आणि अन्वेष वाऱ्यात विरला.

मग त्याची संतती आली. जिते आले, जिन्यांवरचे मेलेलेही चालत आले; तेही त्याचेच निघाले. जो तो तेच सांगे: "सापडल्या नाहीत." राजा म्हणे, "ऐकले." मध्येच तो उठू लागला. उत्पलेने त्याचा हात धरला, तो पुन्हा बसला.  एकेक निरोप ऐकला जाई तशी अंगणे मोकळी होत गेली.

सर्वांत शेवटी एक इवलासा गण आला. त्याचे पाय कोरडे होते. "महाराज, मी आत्ताच जन्मलो. अजून निघालो नाही. जाऊ का शोधायला?"

राजाने त्याच्या कोरड्या पायांकडे पाहिले.

"नको," तो म्हणाला. "ती गेली."

गण नमस्कार करून विरला. त्याच क्षणी गावात जात्यांची घरघर सुरू झाली आणि पाणी बांधावरून शेतात शिरले. दुसऱ्या दिवशी राजाने नदीकाठी राणीचे उत्तरकार्य केले. घरी येऊन तो निजला, तो पुढची सकाळ उजाडेपर्यंत. तेव्हापासून त्या राज्यात दंडक झाला, की गण धाडणाऱ्याने त्याचा निरोप ऐकल्यावाचून दार लावून निजू नये. धवलकेतूला जशी स्वस्थता लाभली, तशी ऐकणाऱ्या सर्वांना लाभो.