बुधाजी लाकूड शिकतो

एका गावात एक भोळा सुतार होता. म्हणजे सुतार तो अजून व्हायचा होता, भोळा मात्र पुरता झालेला होता. त्याचं नाव बुधाजी. बुधवारी जन्मला म्हणून बुधाजी. बुद्धीशी त्या नावाचा संबंध लावायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बुधाजीचा मामा कोंडाजी हा पंचक्रोशीतला नामांकित सुतार. मामाला माणसं फारशी कळत नसत, पण लाकूड कळे. डोळे मिटून नुसता हात फिरवायचा आणि सांगायचा, हा साग, हे शिसव, हा आंबा. मामाला एक मुलगी होती, बकुळा. बुधाजीला लाकूड कळत नव्हतं, पण बकुळा फार आवडत होती. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असं आईने त्याला लहानपणापासून सांगून ठेवलं होतं. म्हणून एक दिवस तो कपड्यांचं गाठोडं घेऊन मामाच्या दारात येऊन उभा राहिला.

मामा म्हणाला, "रीत हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर माझा जावई सुतार पायजे. हितं ऱ्हा, लाकूड शिक. शिकलास तर पोरगी तुझी. न्हाई शिकलास तर आल्या वाटंनं माघारी."

"व्हय मामा," बुधाजी म्हणाला. आनंदाने त्याला रडू यायचंच बाकी होतं.

बकुळालाही तो आवडला. ती आईला म्हणाली, "आये, ह्यो एकदा सांगितलं की ऐकतो गं!" तिने घरात असा पुरुष आजवर पाहिला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मामाला परगावी जावं लागलं. जाताना तो म्हणाला, "पाटलांना बसायला एक बाक करून ठेव. लाकूड बघून आन."

बुधाजी रानात गेला. लाकूड बघितलं आणि आणलं. शेवग्याचं. दिसायला सरळ, तोडायला सोपं. नुसती कुऱ्हाड उगारली तर फांदी आपणहून खाली आली. बाक झाला, पाटील आले, पाटील बसले. काडकन आवाज झाला. बाकाचे तुकडे खाली आणि तुकड्यांवर पाटील. गावाहून परतल्यावर मामाला हे कळलं.

मामाने कपाळावर हात मारला. "आरं बुधाजी! शेवगा म्हंजी शेंगा खायाचं झाड. त्याच्यावर कावळा बी जपून बसतो! लाकूड घेताना आदी बोटाच्या पेरानं ठोकून बघावं. टनटन वाजलं तर पक्कं. बदबद वाजलं तर पोकळ. पोकळ निघालं तर सरळ माघारी धाडावं."

"व्हय मामा. फुडच्या येळी तसंच करतो."

बुधाजी शब्दाचा पक्का. पुढच्या वेळी त्याने तसंच केलं.

पाटील कमरेवर हात ठेवून लंगडत लंगडत पुन्हा आले. त्यांना नव्या घराला सागवानी दरवाजा करून हवा होता. मामा आत जेवत होता. दारात उभ्या पाटलांनी पागोटं काढून घाम पुसला. बुधाजी उठला, त्यांच्या मागे गेला आणि डोक्यावर पेरांनी ठोकलं. बद्द. अन्याय नको म्हणून त्याने दुसऱ्या बाजूनेही ठोकलं. बद्द.

"पाटील, तुमी पोकळ हाय," तो हळहळून म्हणाला. "माघारी जावा."

पाटील माघारी गेले. दरवाजाचं कामही त्यांच्याबरोबर दुसऱ्या सुताराकडे गेलं.

मामाने कपाळावर हात मारला. बुधाजीने कान देऊन ऐकलं. मामाचं कपाळ टण्ण वाजलं. त्याला जरा बरं वाटलं.

"आरं बुधाजी! आता काई बी ठोकू नगंस बाबा. पारख करायची तर पान्यात टाकून बघ. पांगारा, सावर असली हलकी लाकडं वर तरंगत्यात. शिसव दगडावानी तळाला जातं. बुडंल ते भारी. भारी आसंल तेच घ्यावं."

"व्हय मामा. फुडच्या येळी तसंच करतो."

पाटलांचा राग घालवायला मामाने एक गुळाची ढेप भेट द्यायची ठरवली. बुधाजीला बाजारात पाठवलं आणि बजावलं, "चांगला भारी गूळ बघ." बुधाजीने ढेप घेतली, डोक्यावरून नदीवर नेली आणि पाण्यात टाकली. ढेप सरळ तळाला गेली. बुधाजीला अभिमान वाटला. घडीभर तो काठावर बसून कौतुकाने पाण्याकडे बघत राहिला. मग हात हलवत घरी आला.

"गूळ कुठाय?" मामाने विचारलं.

"लई भारी निघाला मामा. निव्वळ शिसव. तळाला गेला."

"मग वर का न्हाई काढलास?"

"काढाया गेलो, तर नव्हता."

त्या संध्याकाळी खालच्या अंगाला पाणी प्यायला गेलेल्या म्हशी काही केल्या नदीतून बाहेर येईनात.

मामाने कपाळावर हात मारला. "आरं बुधाजी! भिजलेली वस्तू लगोलग भाईर काढायची आसती. ओल्या लाकडाला ऊन दावायचं न्हाई, चिरतं. सावलीत आडवं घालायचं, वर दगड ठेवायचं, म्हंजी वाकत न्हाई. आन् वाळंस्तवर हात लावायचा न्हाई. कितीबी कुरकुरलं तरी!"

"व्हय मामा. फुडच्या येळी तसंच करतो."

पण मामाचा धीर आता संपला होता. बकुळासाठी त्याने पलीकडच्या गावचा एक सुताराचा मुलगा हेरला आणि त्याची पत्रिका जुळवायला नारोपंत भटजींकडे धाडली. बकुळाने हे बुधाजीला रडत रडत सांगितलं. त्या दिवशी त्याला दुसरी भाकरी गेली नाही. शिकण्यात आपण कुठे कमी पडलो तेच त्याला कळेना. मामा सांगेल तसंच तर तो करत होता.

दुसऱ्या दिवशी नारोपंत भटजी आले. भटजी म्हातारे, कमरेत विळ्यासारखे वाकलेले. ओढा ओलांडताना पाय घसरून ते पाण्यात बसले होते आणि निथळत दारात उभे राहिले होते. ऊन कडक होतं. घरात बुधाजी एकटाच होता.

बुधाजीने त्यांना एकदा नीट न्याहाळलं. ओले. उन्हात. शिवाय वाकलेले. त्याने त्यांना अलगद उचललं, सुतारकामाच्या छपराच्या सावलीत फळ्यांवर आडवं घातलं, अंगावर एक फळी ठेवली आणि फळीवर दगड मांडले.

"अरे गाढवा, सोड मला!" भटजी ओरडले.

"कुरकुरतंय," बुधाजी मनाशी म्हणाला. "मामा म्हनलाच हुता." आणि तो राखण करत बसला.

संध्याकाळी मामा आला. फळीखालून भटजींची शेंडी बाहेर आलेली त्याला दिसली. धावत जाऊन त्याने दगड उतरवले. भटजी उठून बसले. मग उभे राहिले. उभे राहतच गेले. इतकी वर्षं कमरेत वाकलेला माणूस खांबासारखा सरळ झाला आणि मामाच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"कोंडाजी," भटजी म्हणाले, "तुला मिशा आहेत?"

मग त्यांनी मान मागे टाकून आढं बघितलं, बाहेर येऊन झाडाचा शेंडा बघितला, आभाळ बघितलं. डोळे पुसले. पलीकडच्या मुलाची पत्रिका न उघडताच मामाच्या हातात परत दिली. "ही जुळत नाही. बुधाजीची जुळते. इतकी जुळते, की बघायचीही गरज नाही."

भटजींपुढे मामाचं काही चालेना. पण तोही हट्टाचा. तो म्हणाला, "लगीन माझ्या दारात व्हईल. पर मांडव ह्यानं एकट्यानं घालायचा. मांडव उभा ऱ्हायला तर पोरगी ह्याची. न्हाई ऱ्हायला तर आल्या वाटंनं माघारी."

"व्हय मामा," बुधाजी म्हणाला.

आणि काय सांगावं, बुधाजीने मांडव घातला तो सगळ्या गावाने बघत राहावा असा. शेवग्याच्या वाटेलाही तो गेला नाही. खांब चिवट बाभळीचे, पाण्यात टाकून पारखलेले, मग सावलीत वाळवलेले. एकही वाकडा नाही. वर बांबू, बांबूंवर उसाचं वाळलेलं पाचट, कडेने आंब्याचे टहाळे. पाटलांनी सुद्धा एका खांबाला भीत भीत पाठ लावून बघितली. खांब हलला नाही.

लग्नाच्या सकाळी मामा आला. त्याने खांब गदागदा हलवून बघितले आणि त्याचे डोळे भरून आले. "शिकलास रं पोरा," तो म्हणाला. बुधाजीही रडला. दाराआडून बकुळाही रडली.

एवढ्यावर मामा गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण जन्मभराची सवय. जाता जाता त्याने विचारलं, "खांबाची बुडं जाळलीस न्हवं? खांबाचं बूड विस्तवानं काळं करायचं आसतं. म्हंजी जलमात वाळवी लागत न्हाई."

"ते ऱ्हायलं मामा."

"करायला पायजे हुतं," मामा म्हणाला आणि पाहुण्यांकडे गेला.

"व्हय मामा," बुधाजी त्याच्या पाठीमागे म्हणाला. "करतो."

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला बकुळा हार घेऊन उभी. दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. नवरदेव मुंडावळ्या बांधून, काखेत पाचटाची पेंढी घेऊन एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे चालला होता. भटजींना आता वर बघता येत होतं, म्हणून धूर सगळ्यांत आधी त्यांना दिसला. सावधान म्हणायची वेळ अजून आली नव्हती, तरी ते जोरात म्हणाले.

"बुधाजी, काय करतूस रं!" मामा किंचाळला.

"बुडं जाळतोय मामा."

वऱ्हाडी उठून पळाले. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, आणि जेवण घरामागच्या चुलींवर होतं, तेही वाचलं. त्यामुळे पाहुणे फारसे रागावले नाहीत. मांडव मात्र धडाडून पेटला आणि बसला.

मामा लाकूड तासायचा वाकस शोधू लागला. बुधाजी कोसळलेल्या मांडवाकडे बघत उभा होता. मांडव उभा राहिला नव्हता. म्हणजे काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. त्याने आपलं गाठोडं उचललं, मामाला लांबूनच नमस्कार केला आणि आल्या वाटेने निघाला. त्याला भडभडून येत होतं, पण मामाने सांगितलं होतं.

बकुळाने धावत जाऊन त्याचं उपरणं धरलं. "थांबा," ती म्हणाली.

बुधाजी थांबला. त्याला थांब म्हटलं की तो थांबायचा.

"भटजीबुवा," बकुळाने विचारलं, "लग्नाला काय लागतंय?"

"वर, वधू आणि अग्नी," भटजी म्हणाले. मग सगळ्यांनी मांडवाकडे बघितलं. एवढा अग्नी त्या गावात कुठल्याही लग्नाला मिळाला नव्हता.

धग फार होती, म्हणून फेरे अंमळ लांबून घ्यावे लागले. पाटलांच्या खळ्यावरून, ओढ्याच्या काठाने, म्हशींच्या गोठ्यामागून. पण लग्न लागलं. मामानेही अक्षता टाकल्या. दुसरं काही टाकण्यासारखं त्याच्या हाताशी नव्हतं.

मग तो राखेच्या ढिगाशेजारी डोकं धरून बसला. नवरा-नवरी पाया पडायला आली. बुधाजीने वाकून नमस्कार केला. मामाचा चेहरा बघून त्याला फार वाईट वाटलं. तो मामाच्या कानाशी वाकला आणि राखेकडे बोट दाखवून मायेने म्हणाला, "मामा, आता काळजी नगं. ह्याला जलमात वाळवी लागायची न्हाई."