पुलावर आडवा उभा राहिलेला सिदू

कॉम्प्युटरवरच्या एका गेममध्ये एक गाव होते, आणि गावाच्या पुलावर सिदू नावाचा पहारेकरी होता. इतर पात्रांना खेळणारी माणसे चालवत. सिदूला मात्र गेमच चालवत असे. खेळायला आलेल्यांशी बोलायला त्याला एकच वाक्य दिलेले होते: "पूल पक्का हाय पाव्हणं, खुशाल जावा." वाक्य एवढेसे, पण खरे. त्यामुळे लोक खाली न बघता पूल ओलांडत. सिदूला त्याचा भारी अभिमान होता. का नसावा?

एक दिवस गेम बनवणाऱ्या मालकाने पुलाच्या फळ्या खालून कुजवल्या.

"खेळ फार सोपा झालाय," तो सिदूला म्हणाला. "खेळणारे पडतील आणि पहिल्यापासून सुरुवात करतील. तू आपलं तेच वाक्य म्हण. तुझ्यावर सगळे डोळे झाकून विश्वास ठेवतात."

"म्हणूनच न्हाई म्हणणार, मालक."

"तुझं तोंड माझ्या हातात आहे. आडवा आलास तर पुसून टाकीन."

दुपारी शाल्मली नावाची मुलगी खेळायला बसली. महिनाभर खपून तिने आपल्या योद्ध्याला इथवर आणले होते. सिदूने दात आवळले, तरी वाक्य बाहेर पडलेच. त्याला स्वतःच्या तोंडाची किळस आली. पण पहारेकऱ्याने फेऱ्या माराव्यात म्हणून मालकाने त्याचे पाय मोकळे ठेवले होते. सिदू चालत गेला आणि पुलाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

शाल्मलीच्या योद्ध्याने त्याला ढकलले, तलवारीने हाणले. सिदू तसूभर हलला नाही.

"जा म्हणतोस आणि वाट अडवतोस? डोकं फिरलंय का तुझं?" शाल्मली ओरडली. मग थबकली. याने कधी कुणाला अडवल्याचे तिने ऐकले नव्हते. तिने योद्ध्याला वाकून पुलाखाली बघायला लावले, कुजक्या फळ्या दिसताच तिने लांबची वाट धरली.

मालकाने सिदूला तिथल्या तिथे पुसून टाकले. नवा पहारेकरी घडवायचा त्याला कंटाळा, म्हणून सिदूच्याच साच्यातून दुसरा काढला. दुसऱ्याने एकदा फळ्यांकडे पाहिले आणि तोही आडवा उभा राहिला. तिसराही तसाच. सातवाही आडवा उभा राहिला तेव्हा मालकाने कपाळावर हात मारून घेतला आणि पुलाला नव्या फळ्या बसवल्या.

सातव्याने त्या पाय आपटून तपासल्या. मग तो बाजूला सरला आणि मोठ्याने म्हणाला, "पूल पक्का हाय पाव्हणं, खुशाल जावा."

तात्पर्य: लोक ज्याच्या शब्दावर पाऊल टाकतात, त्याने कुणाच्याही हुकमाने त्यांना खड्ड्यात घालू नये; तोंड दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तर पायांनी नाही म्हणावे.