पहिल्या स्लाइडवरचे मान्यवर

एकदा एक ज्ञानी वृद्ध गुरुजी तळ्याकाठी राहत होते. त्यांच्याकडे ज्ञान पुष्कळ होतं, शिष्य एकच होता, आणि लॅपटॉप शिष्याचा होता. गाव भंडाऱ्याकडचं, तळ्यांच्या मुलखातलं. शिष्याचं नाव गेंदलाल. त्याची आई त्या तळ्यात शिंगाडे लावायची, आणि त्या शिंगाड्यांवर त्यांचं घर चालायचं.

गावात एक शेठजी होते. तळं बुजवून तिथं मंगल कार्यालय बांधावं, असा विचार त्यांच्या मनात आला. मग ग्रामसभा ठरली. तालुक्याचे साहेब येणार, गाव हात वर करणार, आणि तळ्याचं काय ते ठरणार.

तळं वाचवायला गेंदलालनं स्लाइड बनवल्या. पण एकदम तळं कसं दाखवणार? आधी मान्यवर हवेत. सरपंच फुलवंताबाई, उपसरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, तंटामुक्तीचे अध्यक्ष, भजनी मंडळाचे अध्यक्ष आणि शेठजी. शेठजी विरोधात होते, पण मान्यवर होते.

आता आधी कोण आणि नंतर कोण? पोळ्याच्या पत्रिकेत आपलं नाव खाली छापलं म्हणून तंटामुक्तीच्या अध्यक्षांनीच तंटा केला होता. गेंदलालनं डोकं लावलं. सगळ्यांचे फोटो एकाच क्षणी आत यायचे. गोल फिरत. वरून झेंडूच्या पाकळ्या. फोटोही प्रत्येकानं आपापल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचेच दिले होते, बसस्टँडवर लावायच्या मापाचे.

सभेच्या दिवशी समाजमंदिर भरलं. गेंदलालनं बटण दाबलं. फुलवंताबाई अर्ध्या फिरल्या आणि उलट्या लटकून राहिल्या. पोलीस पाटलांची मिशी आली, बाकीचे पाटील यायचे होते. एक पाकळी शेठजींच्या नाकावर थांबली. आणि सगळं गोठलं.

"बंद करून चालू कर," कुणीतरी म्हणालं. गेंदलालनं केलं. फुलवंताबाई पुन्हा उलट्या.

"वायर हलव." हलवली.

"नारळ फोडला का रे?" नारळ फोडला. नारळ चांगला निघाला. पडदा तसाच.

"माहंच तोंड खाली काऊन रे गेंदलाल?" फुलवंताबाईंनी विचारलं. "बाकीचे तर सरळ दिसून राहिले."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला बाराला निघायचंय. स्लाइड दिसत नसतील तर हात वर करून घेऊ या."

"घ्या न जी," शेठजी म्हणाले. "पोराचं मशीनच काही बोलेना, आता ऐकायचं काय राहिलं?"

बायकांच्या रांगेत गेंदलालची आई पदराचं टोक पिळत बसली होती. गेंदलालनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग गुरुजींकडे. गुरुजी मागे बसून शिंगाडे सोलत होते.

"गुरुजी, काहीतरी करा."

गुरुजी उठले. लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलंही नाही. "मान्यवरांनी कृपया बाहेर जावं," ते म्हणाले. मान्यवर म्हटल्यामुळे सातही जण लगेच गेले.

"आता मी टाळी वाजवली की सर्वांनी आत यायचं. एकाच क्षणी. गोल फिरत. कुणीही कुणाच्या मागे राहणार नाही."

"फिरत काऊन जी?" बाहेरून पोलीस पाटील.

"पडद्यावर आपण फिरतच आहात."

हे पाटलांना पटलं. साहेबांच्या सत्काराचा हार उसवून भजनी मंडळाच्या बायका पाकळ्या उधळायला उभ्या राहिल्या. गुरुजींनी टाळी वाजवली.

समाजमंदिराला दार एकच होतं. त्यात सात मान्यवर फिरत शिरले आणि तिथंच राहिले. पाटलांची काठी आडवी, तिच्यावर चेअरमन, त्यांच्या काखेत उपसरपंचांचं डोकं. शेठजींचं पोट आत आलं होतं, शेठजी बाहेर होते.

"माह्या पायावर कोण उभा आहे?"

"मीच हाव. पण तो पाय माहा आहे."

"मागं सरका न बाप्पा!"

"मी काऊन मागं सरकू? तू सरक!"

अख्खी सभा पोट धरून हसत होती. गेंदलालची आईसुद्धा. बारा वाजले. साहेब उठले, दाराकडे पाहिलं, आणि परत खाली बसले.

मग गुरुजी बोलले. "दारात काही दोष नाही. आपणही सारे सज्जन. परंतु सर्वांनी एकदम, एवढ्या थाटात यायचं म्हटलं, की चांगलं दारही अडतं. त्या यंत्राचं दार याहून मोठं नाही."

दारातून सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग फुलवंताबाई ओरडल्या, "गेंदलाल, माहा फोटो काढ रे बाबू त्यातून!"

"आधी माहा काढ!" पाटील म्हणाले.

"वा जी! तुमचा आधी काऊन? मी तंटामुक्तीचा अध्यक्ष हाव!"

आता कुणाचा फोटो आधी काढायचा यावरून भांडण पेटलं. गेंदलालनं घाबरून गुरुजींकडे पाहिलं.

"सगळे एकदम निवड," गुरुजी शांतपणे म्हणाले, "आणि एकदम पूस. जायला दार लागत नाही."

गेंदलालनं तसं केलं. सात मान्यवर एकाच क्षणी गेले. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. दारातल्यांनी समाधानानं मान डोलावली आणि एकेक करून आत आले.

पडदा चालू लागला. सकाळचं तळं. तळ्यावर उतरलेली पाखरं. पाण्यात हवा भरलेल्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडणारी आई. "अरे, हे तर माही म्हैस!" चेअरमन उभे राहून ओरडले. मग जो तो पडद्यावर आपलं काही ना काही शोधू लागला, आणि प्रत्येकाला सापडलं. साहेबांनी विचारलं, तळं राहावं असं कुणाला वाटतं? सगळे हात वर गेले. शेठजींचा जरा उशिरा गेला, कारण ते अजून दारात तुटलेली शर्टाची बटणं शोधत होते.

"मंगल कार्यालय माळावर बांधतो," ते म्हणाले. "दार मात्र मोठं ठेवतो."

परतताना गेंदलालनं विचारलं, "गुरुजी, फोटो जड आहेत हे तुम्हाला आधीच कळलं होतं न?"

"पहिल्यांदा गोठलं तेव्हाच."

"मग मला हळूच सांगायचं होतं. मी पुसले असते."

"तू पुसले असतेस तर यंत्र चाललं असतं," गुरुजी म्हणाले, "पण सात जण रुसून बसले असते, आणि रुसलेला माणूस हात वर करत नाही. फोटो ज्याचा त्यानंच काढायला सांगितला पाहिजे."

गेंदलाल तळ्याकाठी बसला. त्यानं लॅपटॉप उघडला आणि शेवटच्या स्लाइडवरून, कुणी न सांगता, स्वतःचा फिरणारा फोटो काढून टाकला.

तुमचाही पडदा कधी गोठला, तर वायर अवश्य हलवा. पण त्याआधी पहिल्या स्लाइडवर कोण कोण उभं आहे ते एकदा बघून घ्या.