थुंकीचा कातळ

मोराळवाडीत शिरताना ओढ्याच्या काठाला एक काळा, सपाट कातळ लागतो. त्यावर वाळलेल्या झुडपांचा ढीग असतो, सगळ्यांची मुळं वर आणि शेंडे खाली. पाहुणा जवळ जाऊन बघू लागला की गावातले दगडूनाना बांधावरून ओरडतात, "हात लावू नका, थुंकल्याली हायेत ती!" पाहुणा दचकून मागं सरतो, आणि मग नाना त्याला शेजारी बसवून गुंफाबाईची हकीकत सांगतात.

ही झुडपं बेशरमाची. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्यानं जग पाहिलेलं असावं. तोडावं तेवढं फुटतं, शेळी त्याला तोंड लावत नाही, आणि चीक हाताला लागला की राखेनं घासूनही वास जात नाही. पूर्वी गावात याचं पानसुद्धा नव्हतं म्हणे. ते गुंफाबाईनं माहेराहून आणलं, चार कांड्या ओच्यात घालून. तिच्या परसातल्या मिरच्या शेळ्या फस्त करायच्या, म्हणून कुंपणाला. वर्षभरात कुंपण पुरुषभर झालं, जांभळी फुलं आली, आणि शेळ्या बाहेरच्या बाहेर उभ्या राहिल्या. बायका बघायला येऊ लागल्या, गुंफाबाई हरखून गेली. त्या संक्रांतीला वाण द्यायला घरात दुसरं काही नव्हतं. तिनं वीतवीतभर कांड्या तोडल्या आणि हळदीकुंकू लावून गावातल्या प्रत्येक सवाष्णीच्या ओटीत एकेक घातली.

तिथंच घात झाला. वाण म्हणजे नाकारायचं नाही, टाकायचं नाही, आणि वाळू तर मुळीच द्यायचं नाही. वाळलं तर कुंकवाला धोका. आता या मुलखात ओल कुठली आणायची? पौषात ओढा आटतो, मग वाळूत झिरे खणायचे आणि खड्ड्यात पाझरेल ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. ओल म्हणाल तर तेवढीच. तेव्हा सगळ्या शहाण्या बायांनी आपापलं वाण नेऊन झिऱ्याच्या कडेला लावलं.

तीन वर्षांत झुडपांखाली ओढा दिसेनासा झाला. पाचव्या वर्षी चैत्रात गुंफाबाईनं ओढ्याच्या आपल्या घराजवळच्या वळणावरचा झिरा खणला. आधी कोपरभर, मग खांद्यापर्यंत. पाणी नाहीच, हाताला मुळं लागली. पांढरी, लिबलिबीत, मोरीत अडकलेल्या केसांच्या गुंतवळासारखी. तिनं मूठभर ओढून पिळली तर बोटांमधून पाणी गळलं. गावानं प्यायचं पाणी ती अवदसा वाळूखाली बसून पीत होती. गुंफाबाई तिथंच ओकली, असं सांगतात. झुडपाची किळस होतीच, पण त्याहून जास्त स्वतःची. हीच घाण तिनं कुंकू लावून वाटली होती.

ती घरोघर गेली. "उपटा गं बायांनो, झिरं पितंय ते." कुणी ऐकेना. म्हाळसाकाकू म्हणजे गावातली सगळ्यांत जुनी सवाष्ण. तिनं कानांवर हात ठेवले. "दिल्यालं वाण उपटायचं? नवऱ्याच्या जिवावर उठलीस का काय गं?"

हरिबावर, आपल्या नवऱ्यावर, गुंफाबाईचा फार जीव. तिनं भीत भीत त्यालाच विचारलं, तर तो कुदळ घेऊन उठला. "माझा जीव काय त्या काड्यांत ठेवलाय व्हय? चल." दोघांनी चार दिवस खपून वळणावरचं सगळं बेट मुळासकट काढलं आणि कातळावर उलटं टाकलं, मातीला लागून पुन्हा फुटू नये म्हणून.

आठव्या दिवशी हरिबाला पान लागलं, म्हणजे साप चावला. तो साप शेजारच्या, न उपटलेल्या बेटातून निघाला होता. पण तेवढं ध्यानात घ्यायला डोकं लागतं. हरिबा गेला. वाण उपटलं, कुंकू पुसलं, असं बाया बोलू लागल्या. तेराव्यानंतर तर तिच्या दारावरून जाताना उंबऱ्यापुढं थुंकायच्या, आपल्या घरावरची बला टळावी म्हणून. थुंकणारी एकूण एक बाई तिच्या हातचं वाण घेतलेली होती. गुंफाबाई रोज सकाळी उठून ती घाण शेणानं सारवायची.

वैशाखात गावातले सगळे झिरे कोरडे पडले. गुंफाबाईच्या वळणावर मात्र पाणी पाझरत राहिलं. थुंकायलाही तोंडात ओल लागते, आणि ती संपल्यावर त्याच बाया घागरी घेऊन तिच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"पानी न्या," ती म्हणाली. "पर आदी जिनं तिनं आपलं वाण उपटायचं. नवऱ्याचं नाव घिऊन. आन् माझ्या दारात थुकताय न्हवं, ती थुकी त्या मुळावर टाकायची."

बायांनी घागरी खाली ठेवल्या, पण झुडपाला हात कुणी लावेना. शेवटी म्हाळसाकाकू चाचरत म्हणाली, "आमचं काय बरंवाईट झालं तर?"

"मग पयलं मी उपटते. सगळ्यांचं पाप माझ्या कपाळी लागू द्या. तितं आता पुसायला काय राह्यलं न्हाई."

तिनं हरिबाचं नाव मोठ्यानं घेतलं, शेजारच्या बेटातलं पहिलं झुडूप उपटलं, कातळावर उलटं टाकलं आणि त्याच्यावर थुंकली. मग म्हाळसाकाकूनं पदर खोचला. दिवस मावळायच्या आत ओढा मोकळा झाला. त्या साली गावात एकाही बाईचं कुंकू पुसलं नाही म्हणतात. नानांचं म्हणणं वेगळं. पुसलं असेल एखादीचं, पण बोल कुणी झुडपाला लावला नाही आणि बाईलाही नाही.

बेशरम मेलं नाही, ते दरसाल फुटतंच. आजही रथसप्तमीला मोराळवाडीच्या बाया ओढ्यात उतरतात. पहिलं झुडूप गावातली एखादी विधवा उपटते, गेलेल्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेऊन. तोवर एकही सवाष्ण हात लावत नाही. मग सगळ्या मिळून बाकीची उपटतात, कातळावर उलटी टाकून त्यांच्यावर थुंकतात, झिरा उपसतात, आणि स्वच्छ पाण्याचा पहिला हंडा कुणीही आपल्या घरी नेत नाही. तो त्या विधवेच्या दारात नेतात, आणि सवाष्णी खाली बसून आपल्या हातांनी तिचा उंबरा धुतात.