हंसिणीचा बोडका पंख

अमेरिका नावाचा देश अजून अंड्यातच होता, तेव्हाची ही गोष्ट. दूरदेशीच्या राजाला झुगारून दिलेली बडी मंडळी एका सभागृहात खिडक्या लावून बसली होती. नवं राज्य कसं चालवायचं, हे त्यांना लिहून काढायचं होतं. वाद तापला की पिसाची लेखणी मोडायची. मग त्यांचा विकत घेतलेला गुलाम अंगणात यायचा आणि हंसिणीच्या डाव्या पंखातलं पीस उपटून न्यायचा, कारण उजव्या हाताला त्याच पंखाचं पीस नीट बसतं.

पंख बोडका झाला, तरी हंसिणीचा तोरा काही उतरेना. "अख्खं राज्य माझ्या पिसातून उतरतंय, गायबाई!"

"आणि लिहिलं जातंय माझ्या वासराच्या कमावलेल्या कातड्यावर," गाय म्हणाली. "त्यात आपण आहोत का, तेवढं बघून ये."

हंसीण तरातरा आत शिरली. मसुद्याची सुरुवातच होती, 'आम्ही सारे लोक'.

"सारे म्हणजे कोण कोण?" तिनं विचारलं.

"इथे बसलेत ते सारे," केसांचा टोप घातलेले एक गृहस्थ म्हणाले.

"आणि हा पिसं उपटणारा?"

टोपाखाली सगळ्यांची डोकी एकदम खाजू लागली. शेवटी तेच गृहस्थ पुटपुटले, "चुकलंमाकलं तर पुढचे दुरुस्त करतील. तशी सोय ठेवली आहे."

हंसीण बाहेर आली आणि भराभर चरू लागली.

"काय गं, काय झालं?" गायीनं विचारलं.

"पिसं पुन्हा उगवायला हवीत," हंसीण म्हणाली. "यांच्या 'सारे'मध्ये सारे यायचे, तर फार लागणार आहेत."