तळ्याचा राखणदार

फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गव्याने साऱ्या रानासमोर शब्द दिला, "माझा माळ पुढे कोणाचाही होवो, त्यातलं तळं कोणी बुजवायचं नाही." तो शब्द राखायला त्याने कासवाला नेमलं, कारण कासव सगळ्यांत जास्त जगतं.

गवा मेला. त्याच्या मुलाने माळ तरसाला विकला. तरस तळ्यात माती लोटू लागला, तसं कासव आडवं आलं.

"सरक थेरड्या, माळ मी विकत घेतलाय."

"माळ घेतलास. तळं बुजवायचा हक्क बापाने सोडला होता. पोराला मिळालाच नाही, तो त्याने तुला विकला कसा? लाज वाटत नाही? काढ ती माती!"

"नाही काढली तर?" तरस हसला.

"तर तुझा पोरगा काढेल. नाहीतर नातू. मी इथंच आहे."

यावर तरस हसला नाही.